उमेदवारांची चर्चा 'रद्द झाली' की 'रद्द केली'? बातमी देण्याआधी काय तपासावं, कसं लिहावं

सभागृहाच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो : 'आजचा कार्यक्रम काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आला आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' आत खुर्च्या मांडलेल्या, व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या, मागच्या फ्लेक्सवर प्रभागातल्या उमेदवारांचे हात जोडलेले फोटो. कोथरूड असो की हडपसर, पंधरा-वीस ज्येष्ठ मंडळी दारात घोळका करून एकमेकांना विचारत असतात, "काय हो, कुणी टांग दिली?" बातमीदार पोचतो तेव्हा सव्वासहा झालेले असतात आणि सिटीचं पान नऊ-साडेनऊला सोडायचं असतं.

त्या तीन तासांत काय करायचं, हे इथं लिहितो आहे. मी बरीच वर्षं पुण्यात डेस्कवर काढली. अशा बातम्या माझ्या हाताखालून गेल्या आणि त्यातली एक चुकली, तीही माझ्याच मथळ्यामुळं. तिच्याबद्दल पुढं सांगतो. हा लेख बातमीदार आणि उपसंपादकांसाठी आहे, तसाच प्रभागापुरतं यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्या मुलामुलींसाठीही आहे, कारण आता सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात आधी पोचतो तो त्यांचाच व्हिडिओ.

एवढ्या छोट्या बातमीचं एवढं काय, असं वाटेल. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडं होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली तेव्हा ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडायचे होते. म्हणजे बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग, मतदाराला चार मतं, आणि उमेदवारांची यादी एवढी लांब की घरातल्या जाणत्या माणसालाही सगळी नावं सांगता येऊ नयेत. अशा वेळी उमेदवार एका व्यासपीठावर बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार असतील तर मतदाराला ती एकच संधी असते. ती हुकली तर का हुकली, हे त्याला अचूक कळायला हवं. चुकीच्या माणसाच्या माथी दोष बसला तर तो मतदानापर्यंत पुसला जात नाही.

आधी बघा : चर्चा ठरली होती का?

'रद्द' हा शब्द वापरायला आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. आयोजकांनी पत्र पाठवलं म्हणजे चर्चा ठरली असं होत नाही. मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या काळात, माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित प्रकाश शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला. चर्चा झाली नाही. ती 'रद्द' झाली असं लिहिणं मात्र चूक ठरलं असतं, कारण दोन्ही बाजूंचा होकार, तारीख आणि जागा यांतलं काहीच पक्कं झालेलं नव्हतं. 'निमंत्रण होतं, चर्चा ठरली नाही' एवढंच खरं होतं.

आपल्याकडं या बाबतीत आणखी एक घोळ होतो. निमंत्रणपत्रिकेत मान्यवरांची नावं त्यांना न विचारता छापायची पद्धत इथं इतकी मुरलेली आहे, की फ्लेक्सवर फोटो लागला म्हणजे माणूस येणार असं आपण धरून चालतो. म्हणून आयोजकांना पहिला प्रश्न हाच विचारा : "कुणाचा होकार आला होता, आणि तो कसा आला होता?" सहीचं पत्र, मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, की 'भाऊ म्हणाले, बघू'? चौथा प्रकार होकारात धरायचा नाही. बाकीच्या तिन्हींचा स्क्रीनशॉट किंवा प्रत मागून घ्या. आयोजक चांगले असतात, हेतू स्वच्छ असतो, पण उत्साहाच्या भरात 'बघू'चं 'येतो' कधी झालं हे त्यांचं त्यांनाही कळलेलं नसतं.

दुसरा प्रश्न, बोलावलं कुणाला? चार जागांच्या प्रभागात अ, ब, क, ड मिळून वीस-पंचवीस उमेदवार सहज होतात. सगळ्यांना बोलावलं होतं, की फक्त मोठ्या पक्षांच्या? अपक्षांना वगळलं असेल तर कुठल्या निकषावर? तो निकष आधी जाहीर केला होता का? चर्चा रद्द झाल्याची बातमी करताना हा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो. एखाद्या उमेदवाराला बोलावलंच नसेल आणि बातमीत 'सर्व उमेदवारांनी पाठ फिरवली' असं आलं, तर त्या बिचाऱ्यावर दुहेरी अन्याय होतो.

कालक्रम लिहून काढा, वेळेसकट

माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हाच आहे. चर्चा आपोआप रद्द होत नाही. चार-पाच माणसांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेले निर्णय एकापुढं एक लागलेले असतात. आपण साखळीतली शेवटची कडी पकडतो आणि तिच्यावरच मथळा देतो. बहुतेक अन्याय तिथंच होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा सोसायट्यांच्या एका मंचानं शनिवारी संध्याकाळी सहा वाजता 'क' जागेच्या दोन उमेदवारांची चर्चा ठेवली. मंगळवारी पहिल्या उमेदवारानं मेलवर होकार दिला. बुधवारी दुसऱ्यानंही दिला, पण 'प्रश्न आधी पाठवा' अशी अट घातली. गुरुवारी मंचानं कळवलं की प्रश्न आधी देता येणार नाहीत. शुक्रवारी रात्री दुसऱ्याच्या पीएनं फोन करून सांगितलं, साहेब येणार नाहीत. शनिवारी दुपारी तीनला पहिला उमेदवार म्हणाला, समोर कुणी नसेल तर मीही येत नाही. साडेचारला सभागृहाच्या व्यवस्थापकानं पोलिसांच्या परवानगीचं पत्र मागितलं, ते मंचाकडं नव्हतं. पाच वाजता मंचानं दारावर कागद चिकटवला.

आता यातून किती मथळे निघतात बघा. 'उमेदवाराच्या नकारामुळे चर्चा रद्द.' 'दोन्ही उमेदवारांनी चर्चा टाळली.' 'परवानगीअभावी चर्चा रद्द.' 'आयोजकांनी ऐनवेळी चर्चा रद्द केली.' चारही वाक्यांना कुठं ना कुठं आधार आहे, आणि त्यातलं कुठलंही एकटं छापलं तर वाचकाची दिशाभूल होते.

हे अमेरिकेतही असंच घडलं होतं. २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १५ ऑक्टोबरला मायामीत दुसरी चर्चा ठरली होती. डोनाल्ड ट्रम्प यांना कोविड झाल्याचं २ तारखेला जाहीर झालं. चर्चा घेणाऱ्या आयोगानं ८ तारखेला कळवलं की चर्चा ऑनलाइन होईल. ट्रम्प यांनी त्याच दिवशी सांगितलं की ऑनलाइन चर्चेला मी येणार नाही. ९ तारखेला आयोगानं चर्चा रद्द केली. 'ट्रम्प यांची माघार', 'आयोगानं नियम बदलले', 'आयोगानं चर्चा रद्द केली' यांतलं कुठलं वाक्य आधी ठेवायचं यावरच बातमीचा कल ठरत होता. तारखा क्रमानं दिल्या की वाचक स्वतः ठरवू शकतो.

म्हणून वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडं दिवस आणि वेळ, उजवीकडं काय घडलं, आणि प्रत्येक ओळीपुढं एक खूण : कागद पाहिला असेल तर 'का', दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलं असेल तर 'दो', एकानंच सांगितलं असेल तर 'ए'. बातमीत ठाम विधान फक्त 'का' आणि 'दो'चं करायचं. 'ए' छापायचं असेल तर सांगणाऱ्याचं नाव देऊनच. आणि 'दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलं' याचा अर्थ एकाच कार्यालयातले दोन कार्यकर्ते असा नव्हे.

क्रियापद जपून

मराठीत 'रद्द झाली' म्हटलं की कर्ता गायब होतो. पाऊस पडला, वीज गेली, चर्चा रद्द झाली. 'रद्द केली' म्हटलं की करणारा लागतो. 'रद्द करावी लागली' म्हटलं की करणाऱ्याच्या मागं आणखी कुणीतरी उभा राहतो, ज्यानं त्याला भाग पाडलं. तीन वेगळे आरोप आहेत हे, आणि आपण ते मथळ्यात किती अक्षरं बसतात यावरून निवडतो.

कालक्रम पक्का असेल तर क्रियापद आपोआप सापडतं. वरच्या उदाहरणात मंचानं चर्चा 'रद्द केली', हे कागदावर आहे. ती 'करावी लागली' हे मंचाचं म्हणणं आहे, तेव्हा ते मंचाच्या तोंडी घाला.

गैरहजेरीचे शब्द तर आणखी निसरडे. 'असमर्थता कळवली' आणि 'नकार दिला' हे कागद पाहून वापरायचे शब्द. 'गैरहजर राहिले' हे होकार देऊन न आलेल्यालाच लागू होतं. 'फिरकले नाहीत' यात बेपर्वाई आली, 'पाठ फिरवली' यात तिरस्कार आला, 'पळ काढला' यात भीती आली. माणसाच्या मनातलं आपल्याला दिसत नाही, मग भीती छापायची कशी? तीच गोष्ट उलट बाजूनं : 'व्यग्र कार्यक्रमामुळे येऊ शकले नाहीत' हे वाक्य उमेदवाराच्या कार्यालयानं दिलेलं असतं आणि आपण ते स्वतःच्या शब्दांत छापून टाकतो. त्या संध्याकाळी सहा ते आठ ते कुठं होते, हे विचारा. पदयात्रा होती तर कुठल्या गल्लीत? ती कधी ठरली, होकार देण्याआधी की नंतर?

पुण्याला हे नवीन नाही. १८९५ साली इथं राष्ट्रीय सभेचं (काँग्रेसचं) अधिवेशन भरलं, तेव्हा त्याच मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून शहरात मोठा वाद पेटला. शेवटी न्यायमूर्ती रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि परिषद वेगळ्या मंडपात भरली. आता 'रानड्यांची माघार', 'सामाजिक परिषदेला मंडप नाकारला' आणि 'रानड्यांनी वाद वाढू दिला नाही' ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून बघा. प्रसंग एकच, पण वाचणाऱ्याच्या मनात तीन वेगळी माणसं उभी राहतात.

बाजू घेणं म्हणजे एक मिस्ड कॉल नव्हे

आता माझ्या चुकीबद्दल. महापालिका निवडणुकीचे दिवस होते. पूर्व भागातल्या एका प्रभागातली चर्चा बारगळल्याची बातमी रात्री नऊला माझ्या टेबलावर आली. त्यात लिहिलं होतं, 'संबंधित उमेदवाराशी संपर्क होऊ शकला नाही.' मी मथळा दिला, त्यात 'पाठ' हा शब्द होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाई स्वतः कार्यालयात आल्या. पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या, साध्या घरातल्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आयोजकांना दोन दिवस आधी दिलेलं पत्र होतं ते : त्या वेळी दुसरी सभा आहे, तासभर उशिरा चालेल का? खाली आयोजकांच्या माणसाची सही आणि तारीख. "दादा, याची पोच आहे माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "एक फोन केला असता तर तेव्हाच दाखवली असती." मी बातमीदाराला विचारलं. त्यानं खरंच फोन केला होता, पावणेनऊला, एकदा. त्या वेळी बाई चौकसभेत माईकसमोर उभ्या होत्या आणि फोन त्यांच्या भाच्याच्या खिशात होता.

आमचा खुलासा चौथ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत गेला. मला आजही त्याची लाज वाटते.

तेव्हापासून मी बातमीदारांना सांगत आलो : प्रचारात उमेदवाराचा फोन उमेदवाराकडं नसतो. सकाळी पदयात्रा, संध्याकाळी पाचपासून दहापर्यंत कोपरा सभा, कारण दहानंतर लाउडस्पीकर बंद. तुम्ही ज्या वेळी बातमी लिहायला बसता नेमक्या त्याच वेळी तो सगळ्यात अडकलेला असतो. म्हणून फोन करा, पण लगेच लेखी निरोपही पाठवा, उमेदवाराला, पीएला आणि पक्षाच्या शहर कार्यालयालाही. निरोप असा असावा :

"नमस्कार. आज सायंकाळची चर्चा रद्द झाल्याची बातमी आम्ही देत आहोत. आयोजकांचं म्हणणं आहे की आपल्या कार्यालयानं शुक्रवारी रात्री नकार कळवला. हे बरोबर आहे का? नकाराचं कारण काय? प्रश्न आधी मागितले होते का? आपलं म्हणणं रात्री ९ पर्यंत मिळालं तर उद्याच्याच बातमीत घेऊ, नंतर मिळालं तर परवा याच पानावर."

यात आरोप काय आहे तो स्पष्ट आहे, मुदत आहे, आणि मुदत टळली तर काय हेही आहे. 'तुमची प्रतिक्रिया हवी' एवढाच निरोप पाठवला तर समोरच्याला कळतच नाही की कशावर बोलायचं. उत्तर आलं नाही तर छापतानाही नेमकं छापा : 'त्यांच्याशी व त्यांच्या कार्यालयाशी सायंकाळी ६.४० ते ९ या वेळेत तीनदा दूरध्वनी व संदेशाद्वारे संपर्क साधला, उत्तर मिळालं नाही.'

आयोजकांनाही हेच सगळं लागू. ते नागरिकांचे, निःस्वार्थी, म्हणून त्यांचं म्हणणं न तपासता घ्यायचं असं नाही. मंचाचा अध्यक्ष पूर्वी कुठल्या पक्षाचा पदाधिकारी होता का? सूत्रसंचालक कोण होता? प्रश्न कुणी निवडले? एखाद्या उमेदवाराला शंका आली असेल तर तिला आधार होता की नव्हता, हे आपण बघायचं.

'परवानगी नव्हती' असं सांगितलं तर

इथं तीन गोष्टी एकत्र केल्या जातात : परवानगी मागितली आणि नाकारली, मागितली पण वेळेत आली नाही, मागितलीच नाही. अर्जाची पोच बघितल्याशिवाय यातलं काही लिहू नका. अर्ज कुठं दिला, स्थानिक पोलीस ठाण्यात की निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, किती तारखेला? नकार तोंडी असेल तर तो देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा. जागा महापालिकेची असेल तर भरलेल्या भाड्याची पावती आणि आरक्षण रद्द झाल्याचं पत्र मागा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेची भारत निवडणूक आयोग. 'निवडणूक आयोगानं हरकत घेतली' असं लिहिताना कुठला आयोग आणि कुठला अधिकारी हे नीट लिहा, या दोन्हींची गल्लत रोज होते.

कागद त्या रात्री मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. निवडणूक होऊन गेलेली असेल, पण परवानगी कुणाला दिली आणि कुणाला नाही याचा तक्ता पुढच्या वेळी कामाला येतो.

रिकाम्या खुर्चीचा फोटो

या फोटोचा मोह फार मोठा असतो. नाव लिहिलेली पाटी, मागं रिकामी खुर्ची. पण सहाच्या कार्यक्रमाच्या सगळ्याच खुर्च्या पावणेसहाला रिकाम्या असतात. फोटो किती वाजता काढला हे ओळीत लिहा. शेजारच्या खुर्चीवर दुसरा उमेदवार बसला होता का, तेही चौकटीत दिसू द्या. चर्चा आधीच रद्द झाली असेल तर एकाच्याच खुर्चीचा फोटो छापणं खोटं आहे, कारण त्या दिवशी दुसराही आलेला नव्हता.

चर्चा रद्द न करता एकाच्या गैरहजेरीत घेतली तर? ब्रिटनमध्ये २८ नोव्हेंबर २०१९ ला 'चॅनेल ४'नं हवामानबदलावर पक्षनेत्यांची चर्चा घेतली. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ब्रेक्झिट पक्षाचे नायजेल फराज आले नाहीत, तर त्यांच्या जागी बर्फाची शिल्पं ठेवली. जॉन्सन यांच्या हुजूर पक्षानं नियामकाकडं, 'ऑफकॉम'कडं, तक्रार केली. ऑफकॉमनं ती फेटाळली. वाहिनीनं त्या पक्षाची भूमिका कार्यक्रमात इतर मार्गानं मांडली होती, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. प्रभागातल्या चर्चेलाही हेच माप लावा : न आलेल्याची भूमिका, त्याच्या जाहीरनाम्यातून किंवा आधीच्या मुलाखतीतून, निष्ठेनं मांडली का? मांडली असेल तर खुर्ची रिकामी ठेवायला माझी हरकत नाही. बर्फ वितळताना दाखवणं मात्र मी केलं नसतं. त्यात माणसाची थट्टा आहे आणि प्रश्न बाजूला पडतो.

आपलं घर आधी तपासा

तुमचंच वर्तमानपत्र चर्चेचं आयोजक किंवा प्रायोजक असेल तर ते बातमीच्या पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा, आणि शक्य असेल तर ती बातमी कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला करू द्या. संबंधित उमेदवाराची पानभर जाहिरात त्याच आठवड्यात आली असेल तर डेस्कवर कुणीतरी मोठ्यानं ते बोलून दाखवलं पाहिजे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला आणि पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, विषय देशभर गाजला. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या समितीनं २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. तेव्हापासून वाचक आपल्या निवडणुकीच्या प्रत्येक बातमीकडं संशयानं बघतो. त्याला तसा हक्क आहे.

बातमी लिहिताना

वरच्या कल्पित उदाहरणाची सुरुवात मी अशी करीन :

'प्रभागातील "क" जागेच्या दोन उमेदवारांची शनिवारी होणारी जाहीर चर्चा आयोजक मंचाने तासभर आधी रद्द केली. प्रश्न आधी पाठवण्याची अट घातलेल्या एका उमेदवाराने शुक्रवारी रात्री येण्यास नकार दिला होता. त्यानंतर दुसऱ्यानेही शनिवारी दुपारी नकार कळवला. सभागृहाने मागितलेले पोलीस परवानगीचे पत्र मंचाकडे नव्हते.'

चार वाक्यं आहेत, चौघांची नोंद आहे, कुणावरही शेरा नाही. मथळा : 'क जागेची चर्चा मंचाकडून रद्द, दोन्ही उमेदवारांचा आधीच नकार'. जरा कोरडा वाटतो, पण सकाळी चहा पिताना फक्त मथळा वाचून पुढं जाणाऱ्यालाही खरं तेच कळतं. बहुतेक वाचक तेवढंच वाचतात.

प्रत्येकाला मोजून सारख्या ओळी दिल्या की न्याय झाला, असं समजू नका. एकाकडं पोच असलेला कागद आहे आणि दुसऱ्याकडं नुसता दावा, तर 'दोघांचे परस्परांवर आरोप' असं लिहिणं हे कागद दाखवणाऱ्यावर अन्याय करणं आहे. कागद कुणाकडं आहे ते लिहा. 'शहरात चर्चा रंगली आहे', 'जाणकारांचं म्हणणं आहे' ही वाक्यं काढून टाका, कुणाचं म्हणणं ते सांगता येत नसेल तर ते आपलंच असतं. आणि एका उमेदवाराचा नकार पहिल्या पानावर गेला असेल तर महिन्याभरापूर्वी दुसऱ्यानं दिलेला तसाच नकार कुठं छापला होता, हे जुन्या अंकात बघा.

चूक झाली तर

त्याच पानावर, त्याच जागी, दुसऱ्याच दिवशी. काय छापलं होतं, खरं काय आहे, आणि दिलगिरी. 'अनवधानाने' हा शब्द नको. वेबवरची बातमी गुपचूप बदलू नका, वर दुरुस्तीची वेळ टाका. व्हिडिओ असेल तर थंबनेलवरचा मथळाही बदला, कारण ग्रुपवर फिरतो तो थंबनेलचाच फोटो.

वाचकांनी आणि उमेदवारांनीही हे लक्षात ठेवावं : वर्तमानपत्राविरुद्ध वृत्तपत्र परिषदेकडं जाता येतं, पण आधी संपादकांना लेखी कळवावं लागतं, आणि दैनिक किंवा साप्ताहिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. परिषद दंड करू शकत नाही, समज किंवा ताशेरे देऊ शकते. तेही कमी नाही, कारण परिषद ते छापायला सांगू शकते. वाहिन्या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत, तिथं आधी वाहिनीकडंच लेखी तक्रार करा.

न विचारलेले प्रश्न

ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. चर्चा रद्द झाली म्हणून लोकांचे प्रश्न रद्द होत नाहीत. आयोजकांकडं चिठ्ठ्या जमलेल्या असतात, त्या मागून घ्या. सिंहगड रस्त्यावर असाल तर जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण सापडले तेव्हापासून नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडच्या लोकांना एकच विचारायचं आहे : नळाला शुद्ध पाणी कधी? महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांत टँकरचं विचारतील, पेठांत पार्किंगचं. यातले पाच प्रश्न निवडा, प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला, अपक्षांसकट, एकाच वेळी लेखी पाठवा. प्रत्येक उत्तराला साठ शब्द आणि उद्या संध्याकाळी पाचची मुदत. उत्तरं एकाच आकाराच्या चौकटींत, मतपत्रिकेवरच्या क्रमानं छापा. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांची चौकटही तेवढीच ठेवा, आत फक्त नाव आणि 'उत्तर आलं नाही'.

त्या चौकटी छापून आल्या की दुपारपर्यंत कुणा ना कुणाच्या पीएचा फोन येतोच, "साहेबांचं उत्तर पाठवलंय, घ्याल का?" घ्या. दुसऱ्या दिवशी, त्याच पानावर, साठ शब्दांत.